नवीन पान १

तीन महिने हेच नाव होतं आमच्या दुकानाचं.
नागपूरच्या प्रणयदादानं जागा घेऊन दिली,
साड्यांचे सहा फोटो चढवले
आणि नोकरी लागली म्हणून बंगळूरला निघून गेला.
लिंक पाठवली की राखाडी चौकोन उघडायचा,
त्यात ठळक: नवीन पान १.
आणि खाली, यंत्रानं आपल्या मनानं उचललेलं:
मुखपृष्ठ संपर्क तुमची गाडी रिकामी आहे.

वडश्याहून मावशीचा फोन आला.
'कोनती गाडी घेतली वो? आन् रिकामी काऊन?'

म्हणून आज, लाइन आहे तोवर,
आंधळगावच्या आमच्या मागाच्या खोलीत
मी दोन चौकटींपुढे बसले आहे.
एकीत साठेक अक्षरं मावतात,
दुसरीत दीडशे.
त्याच्या पुढे यंत्र तीन टिंबं टाकतं.

बाबा मागावरून उतरले नाहीत.
'जोडाक्षर एक धरते का दोन?'
मोजून पाहिलं. 'त्र'चे तीन.
काना, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाचा वेगळा एक.
'लय कंजूस हाये,' म्हणाले
आणि धोटा फेकला.

करवती काठ कोण शोधतं पण?
रात्री बघत होते, लोक काय लिहितात ते:
'ओरिजिनल टसर साडी किंमत'.
'सिल्क ओळखायचं कसं'.
कोसा म्हणणारे आम्हीच, आणि थोडे आसपासचे.
आजोबा गठ्ठा घेऊन गोंदियाच्या गाडीत चढायचे,
डब्याडब्यात 'सिलक, सिलक' ओरडायचे,
घरी आले की
पाणी प्यायच्या आधी चूळ भरायचे.

मीही आधी टसर लिहिलं. मग कोसा.
*टसर कोसा साडी, करवती काठ, हातमाग, पराते, आंधळगाव*
अट्ठेचाळीस.
बारा उरली. आईच्या नावाला आठ पुरतात:
पुस्तकला.
चौथीनंतर शाळा सुटलेली पुस्तकला.

'माह्या नावानं कोन शोधते वो?'
तिनं वर न बघताच विचारलं.
खरंच होतं. मी आकडेही पाहिले.
शून्य.

आई मांडीवर सूत वळते.
ओले कोष परातीत, टोक चिमटीत,
आणि तळहात खाली, वर, खाली.
चाळीस वर्षांत त्या मांडीवर केस उगवला नाही,
कातडी वापरून झिजलेल्या साबणासारखी.
हे दीडशेत बसलं असतं. लिहिलं होतं.
खोडलं. साडी घेणाऱ्या बाईला
मांडी कशाला सांगायची?
तिथं आता आहे: ऐनाच्या झाडावरचे कोष, हाताचं सूत,
धुण्याची रीत, घरपोच.

मग फोटो. तो आडवी पट्टीच घेतो,
वरचं खालचं छाटतो.
बाबांचं डोकं गेलं. हात राहिले, धोटा राहिला,
कोपऱ्यात परातीची कड.
तीनदा ओढूनताणून पाहिलं.
'डोस्कं गेलं तं जाऊ दे,' आई म्हणाली,
'साडी विनाले कवा लागलं थे?'
धोटा एक फेरी थांबला. मग चालू.

फोटोच्या मागे आणखी एक चौकट सापडली.
डोळ्यांनी दिसत नाही त्यांना
फोन हे वाचून दाखवतो, असं लिहिलं होतं तिथं.
अक्षरांचा आकडा नव्हता.
त्यात लिहिलं. परात, तळहात, मांडी,
साबणाची वडी, नाव, आडनाव.
लिहिता लिहिता संध्याकाळ झाली,
दिवा लावायला कोणी उठलं नाही.

जतन केलं. मावशीला पाठवलं.
राखाडी चौकोन.
नवीन पान १.
जुनं विसरायला त्याला काही दिवस लागतात म्हणे.

फोन वाजलाच.
मी आईकडे दिला. तिनं ओला हात लुगड्याला पुसला.
'नाही वो बाई,' ती सांगत होती,
'अजून रिकामीच हाये.'