फिकट काच

मे महिना. सात रस्त्याच्या अलीकडे नदाफचं दुकान.
गाडी जुनी, आम्हाला नवी.
तो फिल्मचे तुकडे उन्हासमोर धरतो:
एकातून रस्ता कोऱ्या चहासारखा,
एकातून संध्याकाळचे साडेसहा,
तिसऱ्यातून काहीच नाही.
"पोलिसानं धरलं, तर माझं नाव सांगू नका."

मला तेच हवं होतं.
चव्वेचाळीस डिग्रीत सीटचा तवा होतो,
पाच वर्षं हप्ते, निदान सावली तरी मिळावी.

अम्मा मागे बसलेली, दार उघडं टाकून.
बत्तीस वर्षं विड्या वळल्या तिनं
एका खिडकीच्या उजेडात,
तीही अर्धी लोटलेली, तंबाखू उडू नये म्हणून.

काळा तुकडा तिनं डोळ्याला लावला, परत दिला.
"यातनं मी दिसेन का रे,
कारखान्यावरून जाताना? यल्लम्माला, बाकीच्यांना?"
"नाही."
"मग मी चालतच जाते."

नदाफनं न बोलता फिकट रोल काढला,
ऊन अडवतो, माणूस नाही,
दीड हजार जास्त.
साबणाचं पाणी मारलं, पट्टीनं बुडबुडे हाकलले.

आता पूर्व भाग आला
की अम्मा तीही काच खाली करते.