साक्षीदार क्रमांक दोन

आमचे आप्पा एकोणतीस वर्षं
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कोऱ्या नोटा तपासत.
शाई केसभर सरकली, आकडा जरासा तिरका बसला
की थांबायचे. आधी बोट, मग डोळा.
घरी पापडसुद्धा उजेडात धरून बघायचे.
आई म्हणायची, यांच्यासमोर खोटं बोलायची सोय नाही.

आणि दर हिवाळ्यात नाटक,
प्रेसच्या हौशी मंडळाचं, तेच ते जुनं,
परक्या मुलखातून येऊन इथे धोतर नेसलेलं:
म्हातारा सरदार, धाकट्याने आणलेलं बनावट पत्र,
थोरला परागंदा,
आणि तिसऱ्या अंकात खुर्चीला बांधून काढलेले डोळे.

रक्त मी करायची. मध, कुंकू, चिमूटभर कोको.
पट्टी आईच्या सुती पातळाची.
उजव्या विंगेत माझं स्टूल, मांडीवर वही, हातात टॉर्च.
पत्र हातात घेऊन सरदार म्हणतो,
"अक्षर ओळखीचं आहे, मग मजकूर का खरा नसावा?"
हे वाक्य आप्पा दरवर्षी विसरत.
दरवर्षी मी पुरवत असे.

त्या नोव्हेंबरात त्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते,
मोतीबिंदूची तपासणी, बाहुल्या बशीएवढ्या;
जुन्या सीबीएससमोरचं ऊन त्यांना
सांडलेल्या दुधासारखं दिसत होतं.
शिरीषने रिक्षा नोटरीच्या टेबलापाशी थांबवली.
"हयातीचा दाखला आहे, आप्पा. पेन्शनचा. इथे सही."
आप्पा माझ्याकडे वळले,
म्हणजे मी उभी होते त्याच्या जरा डावीकडे.
"नलू, वाचलास ना?"

वाचला होता. कुलमुखत्यारपत्र.
म्हसरूळचा प्लॉट, गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेला कॅनॉल.
मी म्हटलं, "हो."
विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर खरंच होतं.

शिरीषने तिसरा हिस्सा कबूल केला होता.
मुलाची फी थकली होती, असं मी स्वतःला सांगते.
फी कशीही भरली गेली असती.

साक्षीदार. शब्द फोडला तर आत डोळा निघतो,
स अधिक अक्षी, टिल्लूबाईंनी आठवीत फळ्यावर फोडून दाखवला होता.
डोळ्यांसकट असलेला तो साक्षी.
मी डोळ्यांसकट सही केली, क्रमांक दोनवर,
पत्त्यासह.

ऑपरेशन छान झालं. आप्पांना आता माशीचे पाय दिसतात.
एकदा म्हसरूळकडून चक्कर मारून आले,
चहा घेताना म्हणाले,
"कुणी कुंपण घातलंय. पत्रे हिरवे आहेत."
बस, तेवढंच. बिस्किट बुडवलं, तुटू दिलं नाही.

यंदाचा प्रयोग स्पर्धेचा, सायखेडकरला.
अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, परीक्षकांचे चहाचे कप.
डोळे गेले, पट्टी बांधली गेली,
आता सरदाराला कळायचं असतं, कुणी केलं.
आप्पा गप्प.
मी वाक्य पुरवलं. पुन्हा पुरवलं, जरा मोठ्याने.
पट्टी बांधलेला चेहरा सरळ माझ्या विंगेकडे वळला,
या खेपेला जराही डावीकडे नाही.
हात पुढे आला, अंगठा तर्जनीवर फिरला,
नोट तपासताना फिरायचा तसा,
आणि वहीत नसलेलं म्हणाले,
"कागद चांगला होता."

परीक्षकांनी काहीतरी लिहून घेतलं.
टॉर्च माझ्या हातात पेटलेलाच, पण पान दिसेना.

नंतर रंगपटात खोबरेल तेलाने मी रक्त पुसलं.
मध भुवयांत चिकटून बसलेला, सुटता सुटेना.
त्यांनी डोळे उघडले, नवी भिंगं,
दोन्हींत एकेक ट्यूबलाइट.
"नलू, वाक्य उशिरा दिलंस."
"हो, आप्पा."

बाहेर शिरीषचा हॉर्न. एकदा, मग सलग.
आप्पा उठले, माझा दंड धरला,
आणि जिना उतरले एकेक पायरी चाचपत,
सगळं नीट दिसत असून.