मागचा दिवा

मुकुटबनच्या अलीकडे, रेल्वे फाटकापाशी
एक मोटरसायकलवाला बाजूला आला,
काचेवर टिचकी मारून म्हणाला,
"भाऊ, तुमचा डावा ब्रेकलाइट लागून नाही राह्यला."
एवढंच. फाटक उघडलं, तो गेला.

तेव्हापासून मोजतोय,
किती दिवस मी न सांगताच थांबत होतो.
शेळ्या आडव्या आल्या तेव्हा.
अंगणवाडीच्या बाईंना उतरवताना.
मागे कोळशाचे ट्रक, दहाचाकी, बाराचाकी,
आणि मी पाय दाबून निवांत:
सांगितलं की आपण.

घरी व्हॅन चिंचेखाली लावली.
वामनमामांना मागे उभं केलं.
"लागला का?"
"लागला ना बाप्पा."
"डावा?"
"डावाही लागला."
उतरून पाहतो तर मामा रस्त्याकडे तोंड करून
तंबाखू मळत होते.
त्यांनी जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नाही.

मग एकट्यानं.
पऱ्हाटीची काडी पेडल आणि सीटच्या मध्ये खोचली,
मागे पोचेस्तोवर कडकन मोडली.
तुऱ्हाटी घेतली. तीही मोडली.
शेवटी वरवंटा आणून ठेवला पेडलवर.
बायको दारातून बघत होती, बोलली नाही,
बोलली असती तर बरं झालं असतं.

बल्ब काढून उजेडात धरला, आतल्या दोन्ही तारा शाबूत.
उजव्याचा डाव्यात, डाव्याचा उजव्यात.
आजार जागचा हलला नाही.
उजवा लागतो तर फ्यूज कसा गेला असेल,
तरी फ्यूज पाहिला.
टेस्ट लॅम्पची टोचणी होल्डरच्या वायरला लावली:
पेटला.
म्हणजे करंट इथवर रोज येत होता,
दारात उभा राहत होता.

टेकामांची प्रणोती, सातवीतली,
सायकल चिंचेला टेकवून कधीची उभी.
"काका, तुम्ही दाबा, मी सांगतो."
दाबला.
"ब्रेकचा नाही लागला. पण त्याच्याजवळचा पिवळा लागला.
बारीकसा. काजव्यावानी."
"मी इंडिकेटर नाही दिला."
"तुम्ही नाही दिला. पण तो लागला."

मारेगावचा हनीफ म्हणायचा,
दाबला एक आणि लागला दुसरा,
तर समजायचं करंटला परतीची वाट नाही.
मग तो शेजाऱ्याच्या घरातून निघतो.
अर्थ नाही मिळत, असं म्हणतात आमच्याकडचे सगळे मेकॅनिक.
मराठीच्या पेपरातला तो अर्थ नव्हे,
बॉडीला टेकणारी काळी वायर.
मला दोन्हीतले मार्क सारखेच पडले असते.

दिव्याचा डबा उघडला.
आत कापूस. मूठभर, सरकीसकट.
दिवाळीनंतर दोन गाठोडी नेली होती जिनिंगला,
त्यातली उंदरानं आपली वेचणी करून घेतली होती.
पिल्लं नव्हती, मी बोटानं चाचपून पाहिलं.
काळी वायर कुरतडलेली, दोन धाग्यांवर लोंबत,
स्क्रूवर गंज, गंजावर कोळशाची धूळ.

पॉलिश पेपर घरात नव्हता.
प्रणोतीनं दप्तरातून कर्कटक काढून दिलं.
तिच्या भूमितीच्या टोकानं पत्रा खरवडला,
चमकेपर्यंत.
वायर सोलली, पिळली, स्क्रूखाली आवळली.

"दाबा."
दाबला.
"लागला."
जरा थांबून,
"खरंच लागला काका. मामांसारखा नाही."

रात्री जेवल्यावर व्हॅन उलटी घेत
शाळेच्या भिंतीला नेऊन लावली.
आरशात पाहत दाबला:
'पाणी अडवा'च्या अक्षरांवर दोन लाल गोळे.
सोडला: अंधार.
पुन्हा दाबला. काही कारण नव्हतं.
ओट्यावरचं कुत्रं उठून बसलं.

आज सकाळी कायरच्या वळणावर शेळ्या.
थांबलो.
मागचा ट्रकही थांबला.
हॉर्नसुद्धा वाजवला नाही त्यानं.