सहा महिन्यांनंतरचा फॉर्म

मे महिन्यात यतीन मढवीची बेरीज आली होती सहा.
'गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली नाही, असे किती दिवस?'
"एकपण नाय."
त्या उकाड्यात बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या.
मी शून्याला गोल केला.

आज सतरा.
रेघ खाली यायला हवी, ती वर गेली.
मंगळवारी वाशीच्या ऑफिसात विचारतील,
मॅडम, तुमच्या ऐरोली सेंटरचं हे असं कसं?

त्यांना काय दाखवू?
आज त्याने पेन माझ्या हातातून काढून घेतलं,
एकेका प्रश्नापाशी थांबला,
एक गोल खोडला, पुन्हा काढला.
"रोजच, मॅडम. तवापण रोजच होतं."
मध्ये दोनदा ओढली, तेही लिहिलं,
तारखेसकट.

दिवाळीच्या आधी फोन आला होता त्याचा:
आज येत नाय, काकासंगं खाडीत चाललोय,
अकराची भरती हाय.
पूर्वी तो नुसता यायचा नाही.
'येणार नसल्याचे कळवले'
असा रकानाच नाही.

'कार्यालयीन उपयोगासाठी' या चौकटीत
मी बारीक अक्षरात लिहू लागते,
जागा दोनच ओळींची.
टेबलाखाली त्याची पिशवी:
चार चिंबोऱ्या, नांग्या सुतळीने बांधलेल्या.
भेटवस्तू घ्यायच्या नाहीत, असा नियम
त्याच्याच पाठीमागे भिंतीवर लावलाय.

"किती आले?"
"सतरा."
"मंजे पास?"
पिशवीत काहीतरी खुडबुडतं.