साडेचारचा माणूस

शंभरात पंधरा जण बसवायचे असतात.
निळकंठ फेगडे पहिल्याच दिवशी तेरा-तेराचे दोन स्ट्रायकर घेतो,
मग उरलेल्या पैशांत
ज्यांना त्यांच्याच क्लबचा बसवाला ओळखत नसेल
अशी माणसं भरतो.
सुभान तडवी जर्सीचा रंग बघतो.
मी मिडफिल्डर शोधतो, साडेचारचे.

रात्रपाळीला, भुसावळच्या यार्डात,
रेक यायला वीसेक मिनिटं असतात तेव्हा
बत्तीशेजारी फोन ठेवून मी त्यांची मिनिटं मोजतो.
आधी मिनिटं.
नव्वद मिनिटं मैदानात राहणारा माणूस स्वस्तात मिळत असेल
तर समजावं, किंमत लावणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे आहे.
मग कॉर्नर कोण घेतं.
नेहमीचा घेणारा गुडघा धरून घरी बसलाय,
तर चेंडू आता कुणाच्या पायापाशी ठेवतात.
मग पिवळी कार्डं. पुढच्या चार मॅच कुणाशी.
गोल सगळ्यात शेवटी.
गोल काय, कुणालाही दिसतात.

विल्फ्रेडकाका, मालगाडीचे रिटायर्ड ड्रायव्हर,
रेल्वे ग्राउंडवर आम्हाला चेंडूकडे बघूच द्यायचे नाहीत.
‘चेंडू जाणार आहे तिथे आधीच कोण उभा आहे, ते बघ.
त्याचं नाव लिहून ठेव.’
मी लिहायचो, पाठीमागच्या पानावर.
माझं नाव कुणी लिहिलं का, माहीत नाही.
मीही मधल्या फळीतलाच.
आता पॉइंट्समन.
गाडी कुठल्या लाइनीवर गेली ते लोकांना कळतं,
कुणी वळवली हे विचारायची वेळ
ती घसरल्यावरच येते.

तर ऑक्टोबरात मला तो सापडला.
ग्रोन. जर्सी सव्वीस.
हजारात चार लोकांनी घेतलेला.
केस विरळ, पळताना डावा खांदा जरा खाली,
जशी एका हातात पाण्याची बादली आहे.
पहिल्या आठवड्याला दोन पॉइंट. दुसऱ्याला दोन.
तिसऱ्याला एक, पिवळ्या कार्डासकट.
‘तुझा ग्रोन आहे का गेला?’ निळकंठ ग्रुपवर.
मी काही लिहिलं नाही.
मला दिसत होता तो गोलच्या आधीच्या पासच्या
आधीचा पास.
त्याचे पॉइंट नसतात.

चौथ्या शनिवारी मीच कचरलो.
समोर पहिल्या नंबरची टीम, मैदानही त्यांचंच,
डेडलाइन साडेचारची,
आणि चार वाजून सत्तावीस मिनिटांनी
मी ग्रोनला बाकावर बसवलं,
त्याच्या जागी एक आठाचा, नावाजलेला.

रात्री दोन डब्यांच्या मधे वाकून कपलिंग लावत होतो,
खिशात फोन थरथरत राहिला.
हात ग्रीसचे. बघता येईना.
एक गोल, दोन असिस्ट, तीन बोनस.
सोळा.
बाकावरचे मोजत नाहीत.

डिसेंबरात हिशेब झाला, भरीत पार्टी माझ्यावर.
फैजपूरच्या बाजारात बामणोदची वांगी, हिरवी, बाळसेदार.
मी घाईत चांगली भरलेली उचलत होतो.
बाई म्हणाली,
‘जड कायले घेता भाऊ? बियाच निघतीन.
मोठं दिसते अन् हातात हलकं लागते, ते पाह्य.’
हे मला आईबरोबर पिशवी धरत होतो तेव्हापासून ठाऊक.
मी सगळी परत ठेवली,
एकेक हातात तोलून पुन्हा निवडली.
ती मध्येच हसली, कशाला ते कळलं नाही.

सुभानच्या मळ्यात पऱ्हाट्यांचा जाळ,
वांग्यांची सालं करपून तडकत होती.
फोन वाजला: ग्रोन, चार पूर्णांक सहा.
जगात कुठेतरी बऱ्याच लोकांनी आज त्याला घेतलं होतं.

निळकंठ बडगीत मिरची-लसूण ठेचत होता.
‘घेतला का तू?’
‘कोन?’ म्हणाला,
आणि मिरची केव्हाच बारीक झालेली असताना
आणखी जोरात ठेचू लागला.