मरायचं काम

लष्कराच्या स्टुडिओत मला नोकरी लागली
ती माझे तळहात कोरडे म्हणून.
घाम येणाऱ्या मुलींना निगेटिव्हला हात लावू देत नसत.
प्रागच्या त्या टेकडीवर, कुंपणाच्या आत,
पांढरे सुती हातमोजे चढवून
अकरा वर्षं मी युद्ध कापलं आणि चिकटवलं.

युद्ध तसं नव्हतंच कुठे. धडे होते.
गॅसचा मुखवटा नऊ सेकंदांत कसा चढवावा,
गारठलेली बोटं का चोळू नयेत,
रणगाडा नदी कशी ओलांडतो.
दात कसे घासावेत, त्याचाही एक, सात मिनिटांचा,
मेजरनं तीनदा पुन्हा काढायला लावलेला,
कारण फेस शिस्तीत नव्हता.

आणि बहुतेक धड्यांत कुणीतरी मरावं लागे.
चुकलं की काय होतं, ते रंगरुटांना दिसायला नको?

लुमीर हावेल्का. मोराव्हियाचा, बापाची पावाची भट्टी,
सक्तीची दोन वर्षं भरायला आलेला.
पहिल्याच दिवशी असा पडला
की कॅमेरावाला कॅमेरा सोडून धावला.
तेव्हापासून मरायचं काम त्याच्याकडे.
आधी गुडघा, मग खांदा, टोपी सगळ्यांत शेवटी.
ती घरंगळत जायची आणि मध्येच थांबायची,
जणू तिलाच आत्ता कळलं.
श्रेयनामावलीत त्याचं नाव नसे.
कुणाचंच नसे. फक्त खातं आणि वर्ष.

मेलेल्यानं बहात्तर फ्रेम हलायचं नाही, असा नियम.
एकदा एकसष्टाव्या फ्रेमला त्याची पापणी लवली.
कापायला हवी होती.
मी जिन्यात त्याला गाठलं आणि म्हटलं,
तुम्ही एकसष्टाव्या फ्रेमला जिवंत आहात.
कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.
वसंतात लग्न झालं. केक मेजरच्या बायकोनं पाठवला.

रात्री पोरं उरलेल्या फिल्मवर स्वतःचं काहीबाही काढत.
बाहेर ज्याला परवानगी मिळाली नसती ते आत खपून जाई.
एकानं भटारखान्यातली कोबी उकळताना दहा मिनिटं दाखवली,
वर संचलनाचं संगीत.
कर्नल झोपून गेले, म्हणून ती पास झाली.

मग ऑगस्ट. रणगाडे आले.
आमच्या धड्यांतले नव्हते,
नदी कुठून ओलांडायची ते त्यांना आधीच पाठ होतं.
फाटकाशी लुमीर उभा. नळी त्याच्याकडे वळली.
खिडकीतून आम्ही सगळ्याजणी नकळत
त्याच्या गुडघ्याकडे पाहत होतो.
तो काही पडला नाही.
रस्त्यावर काय टिपलंत ते द्या, अधिकारी म्हणाला.
भांडारातल्या म्हाताऱ्या श्टेटिनानं पावती फाडून
सात सीलबंद डबे मोजून दिले, सही घेतली.
दूर कुठेतरी एखाद्या सेनापतीनं
अंधारात बसून तो फेस पाहिला असेल,
सगळेच्या सगळे दात.
बाकीचे डबे कुठे गेले ते अजून सांगणार नाही.
विचारणारं कुणी उरलं नाही, पण सवय.

लुमीर गेला तो फेब्रुवारीत, ब्रनोच्या इस्पितळात, फुफ्फुसांनी.
माझ्या टेबलावर एक्केचाळीसदा मेलेला माणूस.
आणि इतकं वाईट केलं त्यानं ते!
ना गुडघा, ना खांदा.
तोंड उघडं, एक पायमोजा घोट्यापर्यंत उतरलेला,
टोपी खुंटीवर, जागची हललीसुद्धा नाही.
मेजर म्हणाला असता, पुन्हा.

मी खुर्ची जवळ ओढली.
पापणीकडे पाहत मोजायला लागले.
एकसष्ट आले. गेले.
माझं मोजणं सावकाश झालं असेल, म्हणून
पुन्हा पहिल्यापासून.