उजवा पाय आधी

उजवा पाय आधी, मग डावा. नियम आमचाच.
दहा अंशांची लाकडी उतरण,
टाचेला चिकटपट्टीने लावलेला दोरा,
मिनिटाला तीस ठोके देणारा मेट्रोनोम.
गुडघा ताठ. दोन बोटं भिंतीला,
तोलापुरती.

जानेवारीत युवास्क्युलामध्ये साडेनऊला उजाडतं,
तेही केल्यासारखं करतं.
इंकेरी पुहक्का टोपीवरचा बर्फ झटकते,
मोजे काढून खिशात कोंबते.
वय सव्वीस, तिहेरी उडी.
आमच्या कागदांवर तिला नाव नाही:
सत्तेचाळीस नंबरची घोडशीर, डावी.

तुटली त्या क्षणी तिने मागे वळून पाहिलं होतं.
सगळेच पाहतात. टपाल वाटणारा रीकोनेनही,
बॅडमिंटन खेळता खेळता पडलेली ती दंतवैद्यीणही.
प्रत्येकाला वाटतं, मागून कुणी लाथ घातली.
मागे कुणी नसतं.
आवाज मात्र ज्याचा त्याचा निराळा.
ती म्हणाली, मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ
रात्री एकटाच बोलतो ना, तसा.
मी रकान्यात लिहिलं, आवाज : होय.

शीर जुळते. एवढं आम्हाला कळलंय.
जुळताना जराशी लांबते, हेही.
तिची अकरा मिलिमीटर.
माझ्या करंगळीच्या नखाएवढं अंतर,
पण टाच तेवढ्यानेच वर जायची राहते,
आणि वाळूच्या खड्ड्यात त्या अकराचा
हिशेब कुठल्या कुठे जातो.

टक.
उजवी टाच वर. दोरा सरकतो, पडद्यावर डोंगर उमटतो.
टक. आणखी एक, तेवढाच उंच.
मी तोंडाने मोजतो. सवय आहे,
यंत्र मोजतंच.
बावीस. तेवीस. चोवीस.
"झालं," ती म्हणते. "पोटरी भरली."

नोव्हेंबरात ह्याच पायाने अडतीस काढले होते.

मग डावा. इथे डोंगर बुटके, टेकड्याच.
अठराव्याला ओठ दाताखाली गेला,
विसाव्याला भिंतीवरची बोटं पांढरी पडली,
बाविसाव्यानंतर ती उतरणीवरून
उतरली नाही, ओघळली.

चोवीसास बावीस.
भागाकार माझ्याआधी तिचा झाला होता.
नव्वद टक्क्यांच्या वर गेलं की महासंघ शिबिराला बोलावतो,
हा नव्वदचा आकडा आमच्याच जुन्या अहवालातला.
पायरी ठेवणाऱ्याने पुढे कोण काय चढेल
ते कधी विचारलेलं नसतं.

"किती झाले?" तिने विचारलं.
सांगायचं नसतं. मी पट्टी सोडवत राहिलो.
व्रण अजून जांभळा, टाचेवर उभी रेघ,
शाळेत चुकलेल्या उत्तराशेजारी मारतात तशी.

अडुसष्ट जणांच्या आलेखात हा एक ठिपका.
प्रोफेसर हीटोला त्यातून रेष काढतील,
रेषेच्या वर पडल्याचं त्यांना समाधान वाटेल.
ठिपका खोटं बोलत नाही. त्याला विचारलं तेवढंच सांगतो.

ती बाकावर बसून मोजे घालत होती,
आधी डावा, मग उजवा, माझ्याकडे न बघता.
दाराशी थांबली. "पुढच्या वेळी
आधी डावा घेतला तर चालेल का?"
नियम आहे, मी म्हणालो.
"हं," म्हणाली, आणि जिन्याने खाली गेली.
लिफ्ट होती तरी.
मी पावलं ऐकली. एक भरीव, एक पोकळ,
एक भरीव, एक पोकळ.

मग रकाने भरले. उजवा : चोवीस. डावा : बावीस.
खाली शेऱ्यासाठी एक ओळ असते,
एकोणीस वर्षांत क्वचित वापरलेली.
तिथे पेन्सिलीने लिहिलं,
पुसता येईल इतपत फिकट :

उजव्या पायाला घाम आला नव्हता.